आठवड्याला तीन सुया: टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेटचा माझा अनुभव

औषध: टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट, म्हणजे पुरुषी हार्मोनचं तेलातलं इंजेक्शन, ५० मिलिग्रॅम. घेतलं १४ आठवडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार. एक शुक्रवार चुकला, म्हणजे एकूण ४१ सुया. सगळं हार्मोनच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

मत आधीच सांगून टाकतो. रक्त तपासून, कारण शोधून, उपचाराची सुरुवात जपून करायची असेल तर या इंजेक्शनला मी पाचापैकी चार तारे देईन. वर्षानुवर्षं यावरच काढायची असतील तर दोन. आणि ताकदीचं टॉनिक समजून कुणी टोचून घेणार असेल तर त्याने खाली माझ्या भाच्याचं काय झालं ते वाचावं, मग ठरवावं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ५२. तीस वर्षं शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहितोय, त्यामुळे आकडा लिहून ठेवायची सवय हाडात मुरलीय. या औषधाचाही हिशोब मी वहीत ठेवला, आणि हे सगळं त्या वहीतूनच लिहितोय.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सौद्याच्या वेळी बाजूने येणारी हातगाडी मला दिसेना. समोरचं लख्ख दिसायचं, कडेचं गायब. दोनदा पोत्यांच्या थप्पीला खांदा घासला तेव्हा हमाल म्हणाले, दिवाणजी, चष्मा बदला. मिरजेला डोळे तपासले, तिथून थेट एमआरआय. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीवर गाठ होती. कॅन्सरची नव्हती, पण डोळ्यांच्या नसांवर दाब देत होती. पुण्यात नाकातून ऑपरेशन करून काढली. नजर बरीचशी परत आली. ग्रंथी मात्र जायबंदी झाली ती झालीच.

ही ग्रंथी म्हणजे सगळ्या हार्मोनची मुकादम. ती बसली की खालची कामं थांबतात. हार्मोनच्या डॉक्टर मॅडमनी आधी हायड्रोकॉर्टिझोन (शरीराला लागणारं स्टेरॉइड) सुरू केलं, ते स्थिरावल्यावर थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा केला तर जीवावर बेतू शकतं, असं त्यांनी तीनदा बजावलं. टेस्टोस्टेरॉनचा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

तोवर माझी अवस्था अशी होती. दाढी पंधरा दिवसांतून एकदा केली तरी चालायची. दुपारी तीननंतर खुर्चीतून उठवत नव्हतं. रात्री मध्येच अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं व्हायचं. शरीरसंबंधाची इच्छा पार संपली होती, आणि याबद्दल बायकोशी एक शब्द बोलायला मला आठ महिने लागले. हे मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे पुरुष हे डॉक्टरलाही सांगत नाहीत, आणि न सांगितल्यामुळेच चुकीच्या माणसाच्या हाती लागतात.

तपासणी सकाळी आठच्या आत, उपाशीपोटी. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं, म्हणून वेळ पाळायची. एका रिपोर्टवर औषध सुरू करत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी दोनदा कमी यावं लागतं आणि लक्षणंही असावी लागतात. माझे आकडे ८४ आणि ९१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. मोठ्या माणसाचं साधारण ३०० ते १०००च्या दरम्यान असतं. सोबत एलएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, तपासलं, तेही कमी. त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. मॅडम म्हणाल्या, "काका, विहिरीतली मोटर चांगली आहे, स्टार्टरच जळालाय." यापेक्षा सोप्या भाषेत मला कुणी समजावलं नसतं.

मग प्रश्नांची सरबत्ती. लघवीची धार कशी आहे? रात्री किती वेळा उठता? घोरता का, घोरताना श्वास अडकतो का? पायात रक्ताची गुठळी कधी झाली होती का? सहा महिन्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात? अजून मूल हवंय का? प्रोस्टेटची तपासणी बोटाने केली, पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, केली ती १.१ आली. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते, ३८ टक्के. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कॅन्सर असेल, पीएसए वाढलेला असेल, रक्त आधीच दाट असेल, झोपेत श्वास थांबण्याचा त्रास उपचाराविना असेल, हृदय निकामी होण्याचा त्रास आटोक्यात नसेल, तर हे औषध देत नाहीत. आणि ज्याला लवकरच मूल हवंय त्यालाही नाही. हा शेवटचा मुद्दा ऐकताना मी फक्त मान हलवली होती. मला दोन मुली आहेत, मोठीचं लग्नही झालंय. त्या वाक्याचं वजन पुढे भाच्यामुळे कळलं.

आता प्रोपिओनेटच का? तीन-तीन महिने पुरणारं इंजेक्शन मिळत असताना आठवड्याला तीन सुया कशाला, हा प्रश्न मीही विचारला. उत्तर असं. नुसतं टेस्टोस्टेरॉन टोचलं तर शरीर ते भराभर संपवतं. म्हणून त्याला एक शेपूट जोडतात आणि तेलात विरघळवतात. शेपूट जितकं लांब तितकं ते तेलातून रक्तात सावकाश झिरपतं. प्रोपिओनेटचं शेपूट तीन कार्बनचं, एनॅन्थेट नावाच्या प्रकाराचं सात, अनडेकॅनोएट नावाच्या प्रकाराचं अकरा. साखर दुधात टाकली की विरघळते, खडीसाखर तळाशी पडून राहते, तसंच हे. ५० मिलिग्रॅम प्रोपिओनेट साधारण चौदा-पंधरा तासांत शिखर गाठतं आणि अडीच दिवसांत खाली येतं.

आणि हेच मॅडमना हवं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, वर्षभर शरीराला हे हार्मोन मिळालेलं नाही, प्रोस्टेट काय करेल, रक्त किती दाट होईल, सांगता येत नाही. तीन महिन्यांचं औषध एकदा कमरेत गेलं की ते परत काढता येत नाही. हे मात्र बंद केलं की चार दिवसांत अंगातून गेलेलं असतं. सुरुवातीला कमी मुदतीचं वापरून बघायचं ते याचसाठी.

औषध तसं जुनं आहे. १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकूर यांच्या प्रयोगशाळेने बैलांच्या वृषणांतून पहिल्यांदा शुद्ध टेस्टोस्टेरॉन काढलं. १०० किलो मालातून दहा मिलिग्रॅम. क्विंटलमागे दहा मिलिग्रॅम उतारा! बाजारात बसणाऱ्या माणसाच्या हा आकडा डोक्यातून जात नाही. त्याच वर्षी ब्यूटेनांट आणि रुझिचका या रसायनशास्त्रज्ञांनी ते कोलेस्टेरॉलपासून तयार करून दाखवलं, १९३९चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना जाहीर झालं. प्रोपिओनेट १९३७च्या सुमारास बाजारात आलं, म्हणजे या घराण्यातलं हे थोरलंच. पुढे लांब शेपटांची भावंडं आली आणि हे मागे पडलं.

आता प्रत्यक्ष सुई. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त सिस्टर राहतात, सरकारी दवाखान्यात आयुष्य गेलेलं. टोचायचे पन्नास रुपये घ्यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी अँप्युल माझ्या मुठीत दिली आणि म्हणाल्या, "दिवाणजी, ही धरून बसा, तोवर मी हात धुते." काचेतलं तेल फिकट पिवळं, करडईच्या तेलासारखं. हाताच्या उबेने ते जरा पातळ होतं. मग अँप्युलवर टिचकी मारून मानेतलं तेल खाली, कापसात धरून मान मोडायची, जाड सुईने ओढून घ्यायचं. जाड सुईनेसुद्धा ते आळसावल्यासारखं चढतं, मध्ये एखादा बुडबुडा अडकतो. मग सुई बदलायची. कमरेखाली बाहेरच्या वरच्या बाजूला, कातडी एका बाजूला ताणून, सावकाश. मी मनात चाळीसपर्यंत आकडे मोजायचो. घाईने ढकललं की दुसऱ्या दिवशी तिथे बोराएवढी गाठ येते. एकदा त्या गावाला गेल्या होत्या, दुसऱ्या एका कंपाउंडरने दहा सेकंदांत उरकलं. तीन दिवस मला गादीवर एका कुल्ल्यावर बसून पट्ट्या लिहाव्या लागल्या. गरम पाण्याच्या पिशवीने उतरलं. प्रोपिओनेट मुळातच टोचल्या जागी जरा जास्त दुखतं, आणि डावी-उजवी बाजू बदलत गेलं तरी आठवड्याला तीनदा म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात मोकळी जागा शोधावी लागते.

परिणामांची वही उघडतो. पहिले दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यात सकाळी जाग आली ती गजराआधी. पाचव्या आठवड्यात दाढीला एक दिवसाआड हात लावावा लागला. गरम वाफा थांबल्या. बायकोशी असलेलं अंतर कमी झालं, एवढंच लिहितो. बाराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.८ वरून १३.६, हिमॅटोक्रिट ३८ वरून ४३. ज्याला मी वयाची मरगळ समजत होतो त्यात रक्त कमी असणंही होतं, कारण लाल पेशी बनवायला या हार्मोनची मदत लागते. हाडांची झीज भरून यायला मात्र वर्ष-दोन वर्षं लागतात, त्याचा हिशोब अजून चालू आहे.

आणि याची मोठी खोट: चढउतार. सोमवारी संध्याकाळी सुई घेतली की मंगळवारी मी वेगळा माणूस. झपझप चालणारा, मोठ्याने बोलणारा. बुधवारी दुपारपर्यंत फुग्यातली हवा निघाल्यासारखं. शुक्रवार ते सोमवार तर तीन दिवसांचं अंतर, रविवार माझा घरात लोळण्यात जायचा. एका मंगळवारी वजनकाट्यावर अर्ध्या किलोच्या फरकावरून मी एका म्हाताऱ्या हमालाच्या अंगावर ओरडलो. वीस वर्षं ओळखतो त्यांना. संध्याकाळी घरी जाऊन माफी मागितली. वहीत ती तारीख लाल शाईने लिहिलीय. मॅडमना दाखवल्यावर त्यांनी डोस ५० वरून ४० केला, तेव्हा जरा सपाटी आली.

दुसरं, घोट्यांना संध्याकाळी सूज यायची. हे औषध मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं. रक्तदाब १२४ वरून १३६ पर्यंत गेला, लोणचं-पापड बंद केल्यावर उतरला. पाठीवर विशीतल्यासारख्या पुटकुळ्या आल्या. बायको म्हणाली, "अहो, घोरणं वाढलंय तुमचं," तेही लिहून ठेवलं आणि सांगितलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधीच सांगावं, कारण या हार्मोनने त्या दोन्हींचा हिशोब बदलू शकतो.

सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं ते हिमॅटोक्रिटवर. ५४च्या वर गेलं की औषध थांबवतात, कारण रक्त दाट झालं की गुठळीची भीती. आधी एकदा, मग तीन ते सहा महिन्यांनी, मग दरवर्षी, ही तपासणी चुकवू नये. इंजेक्शनमध्ये हा धोका कातडीला लावायच्या जेलपेक्षा जास्त असतो, शिखर उंच जातं म्हणून.

हृदयाचं काय, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी विचारला. २०२३ साली ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४५ ते ८० वयाचे पाच हजारांवर पुरुष, सगळ्यांना हृदयविकार किंवा त्याचा जास्त धोका, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून औषधाच्या गटात ७ टक्के, बिनऔषधाच्या गटात ७.३. म्हणजे तिथे वाढ दिसली नाही. पण हृदयाची लय बिघडणं, फुफ्फुसात गुठळी जाणं आणि किडनीला अचानक इजा होणं हे औषधाच्या गटात थोडं जास्त निघालं. आणि तो अभ्यास जेलचा होता. सुईने रोज वरखाली होणाऱ्या पातळीला तो जसाच्या तसा लावू नका, हे मॅडमनी आवर्जून सांगितलं.

एक प्रसंग सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा. नवव्या आठवड्यात नेहमीच्या दुकानात माल नव्हता. दुसऱ्या एका मेडिकलमधल्या मुलाने चिठ्ठी बघून सस्टॅनॉन २५० पुढे केलं. "काका, तेच आहे, टेस्टोस्टेरॉनच." मी सवयीने लेबल वाचलं. त्यात प्रोपिओनेट फक्त ३० मिलिग्रॅम. बाकी फेनिलप्रोपिओनेट ६०, आयसोकॅप्रोएट ६०, डेकॅनोएट १००. ते आपल्या जागी चांगलं औषध आहे, पण साधारण तीन आठवड्यांतून एकदा घ्यायचं. मी ते आठवड्याला तीनदा घेतलं असतं तर ७५० मिलिग्रॅम गेले असते अंगात, आणि त्यातलं बरंचसं कित्येक दिवस निघालं नसतं. शिवाय ते शेंगदाण्याच्या तेलात असतं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला चालत नाही. मी तसाच परत आलो. चुकलेला शुक्रवार तो हाच. नाव सारखं दिसलं तरी शेपटाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळल्याशिवाय टोचून घेऊ नका.

आता भाचा. २७ वर्षांचा, कोल्हापुरात नोकरी, लग्नाला दोन वर्षं. घरी आला तेव्हा टेबलावर माझी अँप्युल पडली होती. ती हातात घेऊन तो म्हणाला, "मामा, हे तर मी पण घेत होतो." माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. जिममधल्या एका ट्रेनरने दिलं होतं. एक दिवसाआड १०० मिलिग्रॅम, सोबत कसल्या कसल्या गोळ्या, दहा महिने. रक्त एकदाही तपासलं नाही. चिठ्ठी नाही, बिल नाही. शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध पिशवीतून विकलं जात होतं. ट्रेनर म्हणाला होता, हे दोन दिवसांत निघून जातं, म्हणून सेफ आहे.

औषध काही दिवसांत निघून जातं हे खरं. पण बाहेरून हार्मोन येतंय म्हटल्यावर वरच्या मुकादमाने खालच्या कारखान्याला काम बंद करायचा हुकूम कधीच दिलेला असतो. वृषणं आक्रसतात, वीर्यात बीज बनणं थांबतं. औषध गेलं म्हणून कारखाना दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही, त्याला सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं लागतात, आणि प्रत्येकाचं पूर्ण सुरू होतंच असं नाही. माझा मुकादम आजाराने गेला. या पोराने धडधाकट मुकादमाला स्वतःच्या हाताने घरी बसवलं.

मूल होत नाही म्हणून दीड वर्ष त्याच्या बायकोच्या तपासण्या चालल्या होत्या. सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, तिला झालेला त्रास, सासूचं बोलणं. त्याने जिमचं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्याला माझ्या मॅडमकडे घेऊन गेलो आणि सांगितलं, आत सगळं खरं बोल. रिपोर्टवर शुक्राणूंच्या पुढे एकच शब्द होता: निल. मॅडमनी त्याला रागावलं नाही. एचसीजीची इंजेक्शनं सुरू केली, म्हणजे वृषणांना काम सुरू करायची आठवण. बाहेर आल्यावर तो जिन्यात बसून रडला. त्याच संध्याकाळी त्याने बायकोला फोन करून सगळं सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

स्पर्धेत खेळणाऱ्या पोरांसाठी एक वेगळी गोष्ट. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत मेहनत करणारी मुलं मी लहानपणापासून बघतोय. टेस्टोस्टेरॉन ‘वाडा’च्या, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या यादीत कायम बंदी असलेलं आहे, स्पर्धेच्या काळात आणि बाहेरही. कमी मुदतीचं आहे म्हणून पकडलं जात नाही असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. शरीरात बनलेलं आणि बाहेरून घेतलेलं यांतला कार्बनचा फरक प्रयोगशाळेला ओळखता येतो.

चौदा आठवड्यांनी माझे सगळे रिपोर्ट बघून मॅडमनी मला अनडेकॅनोएटवर नेलं. एरंडेल तेलात १००० मिलिग्रॅम, चार मिलीची भली मोठी सुई. दुसरी सहा आठवड्यांनी, त्यानंतर दर बारा आठवड्यांनी. तेलाचा अंश फुफ्फुसात गेला तर टोचल्यावर लगेच खोकल्याची उबळ किंवा धाप लागू शकते, म्हणून अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात. पैसे जास्त जातात. पण मंगळवार आणि रविवार आता सारखे असतात, आणि त्याची किंमत माझ्यापेक्षा दुकानातले हमाल जास्त जाणतात. प्रोपिओनेटने आधी रस्ता तपासून दिला नसता तर ही मोठी सुई घ्यायचा माझा धीर झाला नसता. म्हणून ते चार तारे.

भाच्याचा पाच महिन्यांनंतरचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. मिलीलिटरला चाळीस लाख शुक्राणू. किमान एक कोटी साठ लाख असावेत असं मानतात, म्हणजे पाव वाटेवर आलाय. रिपोर्ट दोघांनी मिळून आणला, तिने तो माझ्या वहीत चिकटवायला लावला. पुढची तपासणी संक्रांतीनंतर.